मनगटावरची वेळ

भिवंडीतल्या त्या कातडीच्या दवाखान्यात पाटीवर नाव डॉक्टरबाईंचं असलं, तरी मागच्या खोलीत राज्य धम्मदिनाचं. सव्वीस वर्षं ती तिथे मलमपट्टी करते, आणि कपाटातली ती तपकिरी बाटलीही तिच्याच ताब्यात असते. बाटलीत असते हिमालयाकडच्या एका बुटक्या रोपाच्या मुळांतून काढलेली राळ, पातळ करून ठेवलेली. चामखिळीवर थेंबभर लावली की चामखीळ काळवंडते, सुकते आणि गळून पडते. पण औषध मोठं तिखट. इकडेतिकडे सांडलं तर चांगली कातडी भाजते, आणि पोटुशी बाईला तर ते चुकूनही लावायचं नसतं. कातडीतून ते रक्तात उतरतं आणि पोटातल्या जिवाला अपाय करू शकतं.

काडीने औषध लावायला काय अक्कल लागते, असं लोकांना वाटतं. तीळ घेऊन येतात, जन्मखूण घेऊन येतात, यावर पण जरा लावा म्हणतात. धम्मदिना त्यांना बाकावरूनच परत पाठवते. पॉवरलूमवर काम करणाऱ्या एका भावाने तर कमाल केली होती. चार तासांनी धुवायला सांगितलेलं औषध त्याने बारा तासांची शिफ्ट संपेपर्यंत तसंच ठेवलं, जास्त वेळ राहिलं तर लवकर गुण येईल म्हणून. बोटाची साल निघाली, तेव्हा बिचारा दवाखान्यात रडला. त्या दिवसापासून धम्मदिना औषध लावायच्या आधी प्रत्येकाच्या मनगटावर बॉलपेनने धुवायची वेळ लिहिते. लोक हसतात, पण धुतात.

आणि बाई पेशंट असली की तिच्यासोबत आलेल्यांना ती बाहेर बसवते. सासू असो, नवरा असो, आई असो. यावरून तिची भांडणंही झाली आहेत, पण या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

परवा दिघाशी गावची मैना आपल्या सुनेला घेऊन आली. सून हेमाली काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. दोन्ही हातांच्या बोटांवर मिळून अकरा चामखिळी. वीस दिवसांवर नणंदेचं लग्न, आणि नवरीला पहिली हळद हेमालीच लावणार. असले हात घेऊन ती मांडवात उभी राहिली तर पाहुण्यांत काय बोलणं होईल, याचीच मैनाला काळजी. आत केबिनमध्ये डॉक्टरबाईंनी दिवस गेलेत का म्हणून विचारलं, तेव्हा हेमालीच्या आधी मैनाच न्हाय म्हणाली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहून दिली.

मैनाला बाहेर बसवून धम्मदिनाने दार लोटलं. हेमालीच्या मनगटावर लिहिलं, दुपारी तीन. चामखिळींच्या भोवती व्हॅसलीन लावता लावता तिने सहज विचारल्यासारखं शेवटच्या पाळीची तारीख विचारली. हेमालीने ती पाठ केल्यासारखी पटकन सांगितली. तारीख अगदी सोयीची होती, शंकेला जागा न ठेवणारी. धम्मदिनाने हातमोजे चढवले, बाटली उघडली, काडी बुडवली. उग्र वास सुटला, तशी हेमालीने हात मागे ओढला. व्हॅसलीन माखलेला तो हात तिने पोटावर धरला.

धम्मदिनाने काडी खाली ठेवली.

"कितवा?" तिने विचारलं.

हेमालीचे डोळे भरून आले. "दुसरा चाललाय. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आई बोलल्यात. नजर लागते. आणि हे तर वरून लावायचं औषध ना, मावशी?"

धम्मदिनाला या पोरीचा राग आला नाही. राग आला तो चोवीस वर्षांपूर्वीच्या स्वतःचा. तेव्हा तीही दुसऱ्या महिन्यात होती. तिच्याही सासूबाईंनी, शांताबाईंनी, मोठ्या मायेने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. डॉक्टरबाईंनाही तिने सांगितलं नाही. तेव्हा हातमोजे कुठले? रोज औषध लावून तिची बोटं तपकिरी व्हायची. एके दिवशी गर्भ पडला. औषधामुळे की आणखी कशाने, ते कुणालाच सांगता आलं नाही आणि येणारही नाही. पुढे मुलगी झाली, स्नेहल, आता तीही कमावती आहे. तरी ते पहिलं धम्मदिना विसरलेली नाही. घरात कुणी त्याचं नावही काढत नाही, कारण शांताबाई सोडल्या तर ते होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तिने दार उघडून मैनाला आत बोलावलं. औषध लावलेलं नाही आणि लावणारही नाही, हे सांगितलं. मैनाने सुनेकडे पाहिलं आणि काय ते समजली.

"सांगू नको बोललेले ना गं तुला," ती हळूच म्हणाली. मग धम्मदिनाकडे वळली. "बाई, तुम्हाला बी पोरंबाळं असतील. एवढ्या लवकर कोन सांगतो का?"

"मी पण नव्हतं सांगितलं," धम्मदिना म्हणाली. "हीच बाटली होती, मावशी. ते पहिलं राहिलं नाही. दवाखान्यात कुणाला माहीतच नव्हतं, मग मला थांबवणार कोण?"

सुनेच्या पोटावर पातळाला व्हॅसलीनचा डाग पडला होता, त्याकडे मैना बघत राहिली. मग तिने पदर खोचला आणि बाहेर गेली. बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती, त्यांत दिघाशीचीही एक बाई होती. मैनाने केबिनच्या दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डॉक्टरबाई, मी मघा खोटं बोलले. माझी सून पोटुशी हाय. दुसरा म्हयना. आता काय करायचं ते सांगा."

आत धम्मदिनाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग स्पिरिटचा कापूस घेतला आणि हेमालीच्या मनगटावरची वेळ पुसून टाकली.