हिरव्या पानातलं तूप

या जगात जे जे हिरवं आहे ते चरबीवर उभं आहे, असं मानणारा नागपुरातला एकमेव माणूस माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. विद्यार्थी सुटले, मी सापडलो. "पान हिरवं म्हटलं का सारे हरितद्रव्याचे गुण गातात," ते कळवळून म्हणत. "नवरदेवाचे फोटो काढता, मांडवाकडे कोणी पाहत नाही! ते हरितद्रव्य बसते कशात? पानातल्या पडद्यात. अन् पडदा कशाचा? लिपिडचा. म्हणजे आपल्या तेल-तुपाच्याच खानदानातला!" तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तर्रीचा लाल तवंग चमच्यानं हलवत ते ठेलेवाल्याला समजावत, की थंडीत पान आपली चरबी या तेलासारखी पातळ करून घेतं, म्हणून पडदा गोठत नाही, उन्हाळ्यात डालड्याकडे झुकतं, म्हणून तो वितळत नाही. ठेलेवाला शांतपणे म्हणे, "सर, पोहे थंडे होऊन राहिले. तर्री गोठून जाईन." "पाहा! याले समजलं," सर माझ्याकडे वळून म्हणत.

पण हा बदल पानाला एका दिवसात जमत नाही, हा त्यांचा लाडका मुद्दा. सावलीतली कुंडी एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवली की करपते. रोज थोडी थोडी सरकवली की जगते. हाच नियम ते माणसांनाही लावत. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी भर दुपारी प्रताप नगरला सासरी पोचलो, तर मला कूलरच्या खोलीत शिरू देईनात. व्हरांड्यात बसवलं. "एकदम थंड्यात नका जाऊ, जावईबापू. सवय होऊ द्या." मी निथळत बसलो. शेवटी आतून सासूबाई कडाडल्या, "अहो, तो जावई आहे का कुंडी? येऊ द्या ना त्याले आत!"

त्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. बाबांना आमच्याकडे आणायचं बायकोनं ठरवलं आणि मी मान डोलावली. आता खरं लिहितो: मला ते घरात नको होते. मी त्यांच्या खोलीचं रंगकाम काढलं. रंग सुकला तर भिंतीत ओल शोधली. ओल गेली तर नळाचं काम काढलं आणि प्लंबरला गावाला पाठवलं, नुसतं तोंडानं. बायकोला कळत असावं. बाबा खोलीचं विचारेनात. एका रविवारी आले, चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी जेवायला थांबले. मग एका शनिवारी मुक्कामच केला. दर खेपेला एक कुंडी आणायचे आणि न्यायला विसरायचे. बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"बाबा, खोली केव्हाचीच तयार आहे," मी एकदाचं बोललो. "मीच टाळत होतो."

ते पुदिन्याची कुंडी वीतभर उन्हाकडे सरकवत होते. वळलेसुद्धा नाहीत. "मले का माहीत नाही? म्हणून तं हळूहळू येऊन राहिलो ना. पानाले काही दिवस पुरतात. जावयाले जरा टाइम लागते."

आता ते आमच्याकडेच असतात. माझा एसी किती थंड ठेवायचा हे तेच ठरवतात, आणि पाहुण्यांना आधी बाल्कनीत बसवतात.

गेल्या आठवड्यात प्रताप नगरचं घर झाडून घ्यायला म्हणून सकाळीच पिशवी उचलून निघून गेले, दोन-चार दिवसांसाठी. जेवताना वरणावर तुपाची धार सोडली आणि माझा हात थबकला. आता व्याख्यान सुरू होणार. समोरची खुर्ची रिकामी होती.

सगळ्याची सवय सावकाश करून दिली त्यांनी. हे जाणं तेवढं एकदम केलं.