यादीत नसलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तात्यांना नाही, मैत्रिणींना नाही, आत्याला तर नाहीच. लिहितानाही दोनदा वही मिटून ठेवली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

मी बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. तात्या, म्हणजे माझे वडील, लासूर स्टेशनजवळ मेंढरं राखतात. कॉलेजसाठी मी शहरात आत्याकडं राहते. ती एकटी असते, ब्लाऊज शिवते. मला शिकवायचं की नाही यावर घरात वाद झाला, तेव्हा तीच म्हणाली होती, की पोरगी माझ्याकडं राहील.

आमच्यात एक रीत पडली आहे. इंग्रजी कागद आला की तो चार माणसांत माझ्या हातात देतात आणि मी वाचून अर्थ सांगते. दवाखान्याचा, बँकेचा, कसलाही. मला सगळे शब्द येत नाहीत. पण 'येत नाही' असं म्हणायची सवय मला लागलीच नाही. सगळे एवढ्या कौतुकानं बघत असताना कसं म्हणणार? — नाही, हे कारण झालं. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून बसले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आत्यानं गच्चीवर सोलार बसवायचं ठरवलं. शिलाई मशीनला मोटर लावली होती, आणि स्लॅब तापला की कूलरशिवाय शिवायला बसवत नव्हतं; विजेचं बिल वाढत चाललं होतं. गल्लीतल्या एकानं माणूस सुचवला. पण बसवणारा सरकारी यादीतलाच हवा, नाहीतर काम कच्चं होतं, असं तिला कुणीतरी बजावलं होतं. म्हणून तो माणूस आला त्या दिवशी तिनं तात्यांनाही बोलावून घेतलं. त्यानं प्लॅस्टिक चढवलेला एक कागद काढला. आत्यानं तो माझ्याकडं दिला.

"वाच गं. मान्यता हाय का नाय बघ."

तो माणूस हसत म्हणाला, "ताई फिजिक्सवाल्या हायेत म्हणं. म्हणजे आज आमचीच परीक्षा." सगळे हसले. तात्या सगळ्यांत जास्त.

कागदावर त्याचं नाव होतं, सही होती, गोल शिक्का होता. मधल्या दोन ओळी मला लागल्या नाहीत. मी म्हणाले, "व्हय, हाय मान्यता."

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. न कळून चुकणं वेगळं, नाही का? पण ते तसं नाही.

त्या कागदाचा मी फोटो काढून ठेवला होता. संध्याकाळी एकेक शब्द शोधून त्या दोन ओळी लावल्या. तो माणूस एका दिवसाच्या शिबिराला हजर होता — एवढंच लिहिलं होतं. मग मी मोबाईलवर सरकारी यादी उघडली. आपला जिल्हा निवडला. त्याच्या नावानं बघितलं, दुकानाच्या नावानं बघितलं. वरून खाली, परत खालून वर. तो नव्हता.

काम सुरू व्हायला चार दिवस होते. ते चारही दिवस मी आत्याच्या शेजारी बसून जेवले. एकदा तिनंच विचारलं, यादीत बघितलंस ना? मी हो म्हणून मान हलवली. का हलवली? तात्या गावी जाऊन सांगून बसले होते, की पोरीनं कागद वाचून पास केला. मला तो नापास करायचा नव्हता. म्हणजे — मला स्वतःला नापास व्हायचं नव्हतं. खरं ते एवढंच.

पॅनल बसले. मशीन जोरात चालायला लागली. दोन महिने काहीच झालं नाही, तेव्हा मला वाटायला लागलं, की मी काही केलंच नाही.

श्रावणात एका सकाळी आत्या गच्चीवर धुणं वाळत घालत होती. एक वायर पॅनलच्या लोखंडी सांगाड्याला घासून सोलली गेली होती, आणि अर्थिंग त्या माणसानं केलेलंच नव्हतं. तिचा ओला हात सांगाड्याला लागला आणि तिथंच चिकटला. शेजारच्या काकांनी बांबूनं तिला सोडवलं. तीन आठवडे दवाखान्यात काढले. जीव वाचला, हातही राहिला. पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं वळत नाहीत.

नंतर वीज कंपनीचे एक साहेब बघायला घरी आले. त्यांनी विचारलं, बसवणारा यादीतला होता का? आत्या खाटेवरूनच म्हणाली, "कागद होता की त्याच्याजवळ. आमच्या पोरीनं वाचला ना." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "कागद बरोबर होता. त्यानं आम्हाला फसवलं."

म्हणजे माहीत असून खोटं, दुसऱ्यांदा. आणि या वेळी तिच्या हाताची पट्टी माझ्या समोर होती.

तात्या त्या माणसाला शिव्या देतात. आत्या देत नाही. ती म्हणते, "माझंच चुकलं बाई. ओल्या हातानं कशाला शिवले मी त्या सांगाड्याला." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगते. मी तिथंच असते. तुझं चुकलं नाही, असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. ते म्हणायचं तर पुढचंही बोलावं लागेल.

मशीनवर आता चादर टाकलेली असते. ज्यांना कळलेलं नाही अशा बायका अजूनही ब्लाऊजपीस घेऊन येतात. आत्या दारात बसून त्यांना दुसऱ्या शिवणारीचा पत्ता सांगते — डावीकडून तिसरी गल्ली, निळं गेट. काम लई साफ हाय तिचं, असंही सांगते. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असते. सगळं ऐकू येतं. मी बाहेर येत नाही.