लोणच्यावरचा आळ

दुपारचं जेवण आटोपून इंदुमती पलंगावर कलंडते. डोळा लागतोय न लागतोय, तोच स्वयंपाकघरात ताट सरकवल्याचा आवाज येतो. "आलात होय," ती पडल्यापडल्याच म्हणते. तिचे यजमान रंगराव जाऊन वर्ष झालंय, पण झोपेच्या उंबऱ्यावर एवढं कुणाला आठवतंय!

उशाशी फिल्मचे डबे आहेत. 'वाढलेलं ताट' नावाचं पिक्चर. त्यातली बाई मेलेल्या नवऱ्याला रोज ताट वाढते. तो खरंच जेवतो की तिला भास होतो, ते शेवटपर्यंत कळत नाही. लोकांनी "भूत दाखवा" म्हणून शिट्ट्या मारल्या आणि आठवड्यात पिक्चर उतरलं. आता जुनी पिक्चरं जमवणारे त्याच्यावर जीव टाकतात, भूत दिसत नाही म्हणूनच. प्रत एवढी एकच, रंगरावांनी जपलेली. ती न्यायला आज पुण्याच्या फिल्म संग्रहालयातून मुजावर येणार आहेत, आणि इंदुमतीने नाही म्हणायचं ठरवलंय. पिक्चर घराबाहेर जाता कामा नये, हा रंगरावांचा शब्द.

ती स्वयंपाकघरात जाते, तर तिथे थेटरातल्या खुर्च्या. पहिल्या रांगेत रंगराव मांडी घालून जेवतायत. ताट पिक्चरमधलंच, पण त्यातलं कैरीचं लोणचं तिच्या हातचं.

या लोणच्यावरून घरात काय कमी महाभारत झालं! बरण्या आणि फिल्मचे डबे एकाच कपाटात असायचे. त्यातून आंबट वास यायचा, आणि तुझं लोणचं नासलं म्हणून रंगराव खेकसायचे. तिने चांगल्या भरल्या बरण्या ओतून दिल्या. शेवटी लोणचं घालणंच सोडलं.

"कसं झालंय?" ती विचारते.

रंगराव फोड चोखतात. "चांगलंच असायचं गं तुझं लोणचं. वास पिक्चरचा होता. फिल्म जुनी झाली की आंबते."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढा जाणकार म्हणवून घेणारा मी. कुठल्या तोंडाने बोलू?" ते बोटं चाटतात. "देऊन टाक. ते वाचवतील तरी."

तिला अजून भांडायचंय. पण समोरच्या पडद्यावर तिचाच पलंग दिसतो, त्यावर ती झोपलेली, आणि बेल वाजते.

इंदुमती उठून बसते. सकाळी तिनेच पुसलेल्या वरच्या डब्यावर तेलाचं पिवळं बोट उमटलंय. घरात लोणचं नाही. ती पुसायला पदर पुढे करते, आणि थांबते.

मुजावरांच्या हातात ती डबे ठेवते. डाग दिसताच ते रुमाल काढतात.

"राहू द्या," ती म्हणते. "माफी आहे ती."