वरचा रुपया

हल्लीच्या पोरांना वर्गात दुकान मांडायला सांगितलं, की ती आधी पुठ्ठ्यावर काळे चौकोन काढून भिंतीला टेकवतात. गिऱ्हाईक येतं, हातातली पाटी मोबाइलसारखी त्यासमोर धरतं, तोंडानं 'टिंग' करतं, झाला व्यवहार! मला हसू येतं आणि जरा रागही येतो. सुट्टे पैसे मोजायची मजा बिचाऱ्यांना कुणी दाखवलीच नाही.

शेळगावजवळच्या वस्तीशाळेत मी दुसरीला शिकवायचे, तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर कंडक्टरांच्या हातापाया पडून सुट्टे आणायचे. नाणी सतरंजीवर ओतली, की त्या खणखणाटानं अख्खा वर्ग भोवती गोळा व्हायचा. त्या आवाजासाठी अजून जीव तुटतो माझा. खोडरबर, पेन्सिली, बोरं विकायला ठेवायची आणि बेरीज-वजाबाकी कधी व्हायची ते पोरांना कळायचंही नाही.

त्यात एक चुणचुणीत मुलगी होती. सतरा आणि आठ म्हटलं, की उत्तर तयार. पण पन्नास आणि पन्नास म्हटलं, की शंभर बरोबर मांडून त्यावर एक रुपया ठेवायची आणि ठणकावून सांगायची, "एकशे एक!" वीस आणि तीस? "एकावन्न!" चाचणीतही तेच. सांगून सांगून माझा घसा बसला, पण तो वरचा रुपया काही हलेना.

तिचे वडील उसाच्या ट्रॅक्टरवर होते. चाचणीचे मार्क बघून एका सकाळी, आमचं दुकान मांडलेलं असतानाच, तणतणत वर्गात आले.

"बाई, पोरगी गणितात ढ हाय. उद्यापासनं इंदापूरच्या इंग्लिश शाळंत घालतो."

तिचं दप्तर त्यांनी खांद्याला अडकवलंसुद्धा. पोरगी माझी लाडकी, आणि जाताना ढ म्हणून जाणार, हे मला सहनच होईना.

शेवटी मी तिलाच विचारलं, "हा रुपया कशाला गं ठेवतेस?"

ती रडवेली झाली. "मोकळं शंभर देत्यात व्हय, बाई? आई वरडती."

लग्नसराईत आहेराची पाकिटं भरायचं काम घरात तिच्याकडं होतं. आई नोट द्यायची आणि ही वर रुपया घालायची. मी वडिलांकडं वळले.

"तुम्ही आहेर किती करता हो?"

"एकशे एक," ते बोलून गेले आणि चपापले.

मी पोरीला समजावलं, की आहेरात रुपया वर घालायचा, पण दुकानात द्यायचं ते मोजून तेवढंच. तिनं मान डोलावली. वडील मात्र दप्तर खाली ठेवेनात. तसेच सतरंजीवर बसले आणि लेकीला म्हणाले, "सांग, पन्नास आन पन्नास किती?"

ती नाण्यांकडं बघत राहिली. मग तिनं बापाकडं बघितलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"लग्नाचं का दुकानाचं?"

ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. खांद्यावरचं दप्तर काढून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या बाई हितंच," म्हणाले.