पाण्याला सांगितलेलं स्वप्न

दादाने टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणला आणि आमच्या टीव्हीचे हाल सुरू झाले. नोकरी वाडीच्या गोदामात, बर्डीवरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकलेलं अर्धंमुर्धं, आणि म्हणे गेम बनवतो! तोही स्वप्नांचा. रोज सकाळी चहाबरोबर आमची स्वप्नं विचारून वहीत उतरवायचा. कॅसेटवरून तो गेम चढायला दहा मिनिटं लागायची आणि तोवर कॅसेट नुसती किंचाळायची. डोकं उठायचं माझं. शेवटी दिसायचं काय, तर एक घर. भिंतीला धडकलं की भलत्याच खोलीत. कोणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. पण दादाच्या मित्रांना त्याचं वेडच लागलं. दर रविवारी दारात चपलांचा ढीग आणि टीव्हीवरचा माझा सिनेमा बोंबलला.

आई तेवढी स्वप्न सांगायची नाही. वाईट स्वप्न माणसाला नाही, वाहत्या पाण्याला सांगायचं, ही तिची रीत. सकाळी मोरीतला नळ सोडून ती पुटपुटायची. मोरीच्या भिंतीपलीकडे दादाची खाट होती.

एका रविवारी गेममध्ये नवी खोली आली. तिच्यात फ्रॉकमधली एक मुलगी, पाठमोरी. जवळ गेलं की पुढे सरकायची. चहा घेऊन आलेली आई तशीच उभी राहिली.

"हे मी पाण्याले सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू काहून ऐकलं रे?"

माझ्याआधी एक बहीण होती, आमचं घर खाप्याला असताना तापात गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिचा फोटोसुद्धा नव्हता. असा संताप आला मला दादाचा! "पूस ते आधी," म्हटलं. तो उठलाही, पण आईनेच अडवलं.

मग रोज दुपारी ती गेम लावून बसू लागली. डाळ शिजेपर्यंत धीर नसलेली बाई, कॅसेटचं किंचाळणं निमूट ऐकायची आणि त्या मुलीच्या मागे मागे फिरायची. जेवण निवायचं, हाका मारून माझा घसा बसायचा. शेवटी मी दादावर ओरडले, "वळव ना तिले एकदाची! पाहू दे आईले तोंड, अन् संपव हे!"

"वळवतो," तो म्हणाला. "आई, कशी होती ते सांग. तसं काढतो."

आईने डोळे मिटले. मग डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं.

"नको वळवू," ती म्हणाली. "तिचं तोंड आठवाले गेली की हिचंच समोर येते."

तिने टीव्ही बंद केला. मला तिला जेवायलाही बोलावता येईना.

पुढच्या रविवारी दादाने माझ्या सिनेमासाठी टीव्ही मोकळा ठेवला. गेमची कॅसेट मीच लावली, आणि आईला हाक मारली.