लाल गोळी आणि वणीचे पाहुणे

माझ्या लग्नाच्या बोलणीत पत्रिकेपेक्षा माझ्या दातांचीच चर्चा जास्त झाली.

सत्त्याण्णव साली मखमलाबादला आमची गुलाबाची शेती होती. धाकटी बहीण सुनीता दातांच्या डॉक्टरकीला होती. कॉलेजने तिला काम दिलं होतं : घरातल्या एका माणसाचे दात पुढे किडण्याचा धोका किती, ते तपासून लिहून आणायचं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सरळ कवळी काढून दाखवली. उरलो मी.

"चहा दिवसातून किती वेळा?"

"दोनदा."

"सात," आप्पा आतून म्हणाले.

"साखर?"

"बेताची."

"कपाला तीन चमचे," पुन्हा आतून. (दात माझे, उत्तरं आप्पांची.)

"रात्री झोपताना ब्रश?"

यावर आतून फक्त आप्पांचं हसू ऐकू आलं.

मग तिने एक लाल गोळी दिली. "चावून सगळीकडे फिरव. जिथे थर साचलाय तिथे रंग बसेल." आरशात पाहिलं, तर रंग बसला नाही असा एक दात सापडेना. आणखी काय दिसतंय म्हणून मी दुसरी गोळीही चावली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. वणीहून मुलीचे वडील मला बघायला चारला येणार होते, ते अडीचलाच हजर! मी चुळांवर चुळा भरल्या. रंग हलेना. शेवटी तोंड मिटून त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"शेती किती?"

मी पाच बोटं दाखवली.

"शिक्षण?"

मी मान डोलावली.

ते आप्पांकडे वळले. "पोरगा बोलत नाय का?"

"बोलतो की. बोल रे."

"बी.कॉम.," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "गुटखा खाता?"

सुनीता तपासणीचा कागद घेऊन धावत आली. गोळीचं सगळं सांगितलं. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"सात चहा?" मग कागद खाली ठेवत, "आजून एक गोळी हाय का?"

त्यांनी ती चावली आणि आरसा मागवला. कडेला दोन ठिपके, बाकी दात स्वच्छ. "आमच्याकडं राती दात घासल्याबिगर कुणी झोपत नाय," ते आरशातच बघत म्हणाले. "आन् याचं काय?"

"धोका जास्त आहे," सुनीता म्हणाली. "पण आत्ता इलाज केला, सवयी बदलल्या, तर सुधारेल."

"भाऊ असून खोटं नाय लिवलं. घर चांगलं हाय. आमची अट एकच. हळदीआधी दात नीट करून घ्या."

दोन दाढा भरल्या, एक काढावी लागली. हुंडा घेणार नाही, हे मी आधीच जाहीर केलं होतं. पण उलट स्वतःची दाढ देऊन बोहल्यावर चढलेला नवरा आमच्या भावकीत मी एकटाच.