मांडीखाली दाबलेले हात

बस शीळफाट्याला अडकलेली असताना फोन आला. "वृषालीताई गेल्या... झोपेतच." मी कॉलेजातून आंबिवलीला, सोहमच्या घरी निघाले होते. त्याही तिथेच येणार होत्या. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता सोहम कोणाकडे मागणार?

सोहम चार वर्षांचा, स्वमग्न. ताई नौपाड्यातल्या केंद्रात अशा मुलांची वर्तनोपचार तज्ज्ञ होत्या, मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे चुकायची भीती फार. मूल जरा अडलं की माझा हात मदतीला धावायचा. ताई मात्र स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. "अगं प्राची, न मागता मिळालं तर तो मागेल कशाला? थांब. पण रडेपर्यंत नाही हं, त्याचा चेहरा बघत थांब. आणि मागितलं की क्षणाचाही उशीर नको."

खूप महिन्यांनी सोहम "दे" म्हणाला. मी टाळ्या पिटल्या. त्याची आई मात्र म्हणाली, "मॅडम, घरी नाही म्हणत. फक्त तुम्हालाच म्हणतो." ताईंचा चेहरा उतरला. "मग तो अजून शिकला नाही. उद्या मी नसले तर?"

म्हणून आम्ही आंबिवलीला जायला लागलो. तिथे आजी. सोहमने डब्याकडे नुसतं पाहिलं की बिस्किट त्याच्या हातात. ताईंनी अडवलं तर आजी म्हणाल्या, "लेकराला हात पसरायला लावता? भिकारी आहे का तो?"

"आजी, तुम्हाला त्याच्या मनातलं कळतं. शाळेतल्या बाईंना कसं कळणार?" ताई म्हणाल्या.

आजी डबा उचलून आत गेल्या. पण नंतर स्वयंपाकघराच्या दारातून ताईंकडे बघत उभ्या राहिल्या...

ताई गेल्यावर पुढच्या आठवड्यात मी एकटीच गेले. सोहम माझ्या पाठीमागे, दाराकडे बघत राहिला. मग आजींसमोरच्या डब्यापाशी बसला. झाकण ओढलं, आपटलं. ओठ थरथरायला लागले. माझा हात पुढे झाला.

"द्या ना आई, रडेल तो," सोहमची आई म्हणाली.

"थांब गं. बघतोय तो माझ्याकडे."

तेव्हा माझं लक्ष गेलं. आजींचे दोन्ही हात मांडीखाली होते.

"दे," सोहम म्हणाला. आजींना.

आजींनी हात काढले, पण त्यांना मुंग्या आलेल्या. झाकण निघेना. "आजी, लवकर!" मी ओरडलेच आणि मीच झाकण उघडलं.

बिस्किट मात्र आजींनाच देऊ दिलं.